घरगुती पाळणाघर 'रजिस्टर्ड' आहे म्हणजे नक्की काय? (विक्रोळी, मुंबई)

सावनी_वि | ४ जून, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. असा धागा आधी निघाला असेल तर सांगा, मला शोधून सगळे पुण्याचेच सापडले.

लेक सहा महिन्यांची झाली. सव्वीस आठवड्यांची रजा संपली, सध्या बिनपगारी चालू आहे आणि १ जुलैला रुजू व्हायचंच आहे. घर विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरात, ऑफिस लोअर परळला. सासूबाई साताऱ्याहून येऊ शकत नाहीत (सासऱ्यांचं आजारपण), माझ्या आईचे गुडघे गेलेत. कंपनीचं एका पाळणाघराशी टाय-अप आहे, पण ते पवईला. एचआरवाली म्हणाली, कायद्याप्रमाणे दिवसातून चार वेळा बाळाला भेटायला जाता येतं. लोअर परळहून पवईला, चार वेळा. मी हसले, ती हसली नाही.

तर घराजवळ दोन पाळणाघरं बघितली.

पहिलं नवीन टॉवरमध्ये, सातव्या मजल्यावर. भिंतीवर डोरेमॉन, खाली फोमची चटई, कॅमेरे, पत्रकावर 'गव्हर्नमेंट रजिस्टर्ड'. कागद मागितला तर लॅमिनेट केलेलं उद्यम प्रमाणपत्र आणि गुमास्त्याची (दुकान-आस्थापना नोंदणीची) पावती दाखवली. दोन्ही खरे आहेत.

दुसरं म्हाडाच्या जुन्या बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. एक काकू, बावीस वर्षं मुलं सांभाळतायत. कागद एकही नाही. "कसलं रजिस्ट्रेशन गं, सगळी कॉलनी ओळखते मला," म्हणाल्या. नऊ मुलं, मदतीला एक मावशी.

नवरा म्हणतो पहिलं, कारण कागद आहेत. मला कळत नाहीये. हा परवाना नक्की कोण देतं? महापालिका? महिला-बालविकास? आणि तो खरा आहे का, हे कुठे बघायचं?

काजू_कतली | ४ जून, रात्री ११:३२

वाचतेय. माझी वेळ डिसेंबरात.

कलम_३७ | ५ जून, सकाळी ७:०५

सावनी, कागद खरे आहेत, पण ते ज्या प्रश्नाचं उत्तर देतात तो प्रश्न तू विचारलेलाच नाहीस.

उद्यम हे सूक्ष्म-लघू उद्योगांसाठी असतं. आधार नंबर टाकायचा, आपण काय धंदा करतो ते आपणच सांगायचं, घरबसल्या फुकट मिळतं. उद्या मी लोणच्याचा कारखाना म्हणून भरलं तर मलाही मिळेल, आणि मला फोडणीसुद्धा धड जमत नाही. गुमास्त्याचं तसंच. २०१७ चा नवा कायदा आल्यापासून थोडी माणसं कामाला असतील तर नुसती सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. खिडकीला ग्रील आहे का, मुलं किती, बाई एक की दोन, यातलं काहीही बघायला या कागदांसाठी कोणी येत नाही.

आता मुख्य मुद्दा. खाजगी, घरगुती पाळणाघर उघडण्याआधी घ्यायलाच हवा असा स्वतंत्र परवाना आपल्या राज्यात नाही. सरकारी 'पाळणा' योजना आहे, २०२२ पासून 'मिशन शक्ती'खाली, पण ती मुख्यतः अंगणवाडीला जोडलेली. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणं २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीनं बंधनकारक झालं आणि त्या पाळणाघरांसाठी केंद्राची किमान मार्गदर्शक तत्त्वं आहेत. बालहक्क आयोगाची खाजगी प्ले-स्कूलसाठीची तत्त्वं तीन ते सहा वयाची. म्हणजे तुझी सहा महिन्यांची लेक आणि काकूंचं दोन खोल्यांचं घर या सगळ्यांच्या मधल्या फटीत पडतं. तिथे 'गव्हर्नमेंट रजिस्टर्ड' लिहिणारा खोटं बोलत नाही, फक्त वाचणाऱ्याला जे वाटतं ते वाटू देतो.

एक कागद मात्र खरंच उपयोगी: ते जेवण देत असतील तर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी नंबर विचार. तो त्यांच्या फॉसकॉस साइटवर टाकला की कोणाच्या नावावर, कुठल्या पत्त्यावर, चालू आहे की संपला, ते दिसतं.

खडूस_मुलुंडकर | ५ जून, सकाळी ९:४०

सहा महिन्यांचं पोर परक्याच्या दारात टाकायचं आणि मग रजिस्ट्रेशन शोधायचं. आमच्या वेळी आया घरी असायच्या.

भांडुपची_लता | ५ जून, सकाळी ९:५८

खडूसराव, तुमच्या वेळी घर एका पगारात यायचं आणि त्याचा हप्ता कुणाचे वडील भरायचे तेही सांगा. सावनी, तू लक्ष देऊ नकोस.

काजू_कतली | ५ जून, सकाळी १०:०२

+१ लताताई

संपादक | ५ जून, सकाळी १०:४५

आईने नोकरी करावी की नाही, या विषयावर मागच्या दिवाळीपासून एक धागा तिथेच भांडतोय. तिकडे जा. इथले पुढचे सहा प्रतिसाद उडवले आहेत.

रेडिंगकर | ५ जून, दुपारी ३:२०

मी इंग्लंडात आहे, माहेर कांजूरमार्ग. इथलं सांगते, म्हणजे काय विचारायचं ते सुचेल.

इथे आठ वर्षांखालची मुलं स्वतःच्या घरी पैसे घेऊन दिवसाला दोन तासांहून जास्त सांभाळायची तर 'ऑफस्टेड'कडे (शाळा-पाळणाघरं तपासणारी सरकारी संस्था) किंवा चाइल्डमाइंडर (घरी मुलं सांभाळणाऱ्यांच्या) एजन्सीकडे नोंदणी करावीच लागते. एकटी बाई एका वेळी आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं घेऊ शकते, त्यातली पाच वर्षांखालची तीन आणि वर्षाच्या आतलं एकच. अगदी लहान मुलांसाठीचा बारा तासांचा प्रथमोपचार वर्ग, तो दर तीन वर्षांनी पुन्हा. तपासणीचा अहवाल नेटवर कोणीही वाचू शकतं.

पण मला सगळ्यात विचार करायला लावला तो वेगळाच नियम. फक्त सांभाळणारीची नाही, त्या घरात राहणाऱ्या सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासतात. नवरा, मुलगा, दीर, भाडेकरू, सगळे. आपण काकूंना बघून येतो. त्या घरात दुपारी आणखी कोण असतं, हे मी माझ्या मुंबईतल्या बहिणीला विचारलं तेव्हा तिलाही सांगता आलं नव्हतं.

सावनी_वि | ५ जून, दुपारी ३:४१

रेडिंगकर, मी पण नाही विचारलं. दोन्हीकडे नाही विचारलं.

कलम_३७ | ५ जून, दुपारी ४:१५

त्याला जोडून: लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही २०१८ पासून आहे, पण ती फक्त तपास यंत्रणांना दिसते. आपल्याला नाव टाकून बघता येत नाही, व्हॉट्सॲपवर फिरतं ते काही खरं नाही. आपल्या हातात आहे ते महाराष्ट्र पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. ज्याचं त्यानेच अर्ज करायचा, ऑनलाइन होतो, मग स्थानिक ठाण्यातून चौकशी. त्याने माणूस चांगला ठरत नाही, एवढंच कळतं की नोंदीत काही नाही. पण जो काढायला तयार होतो त्याच्याबद्दल थोडं काही कळतंच.

गोळ्या_औषधं | ५ जून, रात्री १०:५०

बालरोगतज्ज्ञ आहे, ओपीडी संपवून लिहितोय, शुद्धलेखन माफ.

कागद, कॅमेरे ठीक आहे. तू गेलीस की आधी बाथरूममध्ये जा. हात धुवायचे म्हणून जा. बादली भरलेली आहे का बघ. मुंबईत पाणी ठरावीक वेळेला येतं, म्हणून प्रत्येक घरात बादल्या-पिंप भरून ठेवायची सवय आहे. रांगणारं मूल बादलीत डोकावलं की डोकं जड असल्यामुळे उलटं जातं आणि त्याला बाहेर येता येत नाही. आवाजही होत नाही. टीचभर पाणी पुरतं. बादली रिकामी किंवा दार बाहेरून बंद, तिसरा पर्याय नाही. फिनेल, ॲसिड जुन्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरलेलं असेल तर तिथूनच परत फिर.

मग झोपेची जागा. बाळ पाठीवर, कडक गादीवर, आजूबाजूला उश्या-लोड-गोधड्यांचा ढिगारा नको. दिवाणावर झोपवून कडेला लोड लावतात ते पडण्यापासून वाचवत नाही, उलट तोंडाशी येतं.

खाणं: चणे, शेंगदाणे, अख्खी द्राक्षं लहान मुलांना देतात का? घास अडकला तर काय कराल, असं सरळ विचार. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली, पाठीवर पाच थापा, मग उलटवून छातीवर पाच दाब. "पाठीवर फुंकर मारतो", "पाणी पाजतो" असं उत्तर आलं तर शिकवावं लागेल. सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचे वर्ग असतात.

आणि एक अप्रिय गोष्ट. मूल रोज संध्याकाळी गुंगीत परत येत असेल, घरी येऊनही तीन-तीन तास झोपत असेल, तर 'किती शांत झालंय' म्हणून खूश होऊ नका. सर्दीचं सिरप झोप येण्यासाठी दिलं जातं, मी बघितलंय. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा बजावलं आहे. औषध फक्त आईने लिहून दिलेलं, बाटलीवर नाव घालून, वेळ लिहून. बस.

चारकोपची_मावशी | ६ जून, दुपारी २:१०

मी अठरा वर्षं पाळणाघर चालवते, कांदिवलीला. सगळे आमची तपासणी कशी करायची ते लिहितायत, म्हणून आमच्या बाजूनेही थोडं.

आत्ता मुलं झोपलीत म्हणून लिहायला मिळतंय. एक ते तीन हीच काय ती उसंत. आणि वरती कोणी अजून लिहिलं नाही पण लिहिणारच, की 'न सांगता अचानक जा'. बायांनो, अचानक या, पण एक ते तीन बेल वाजवू नका. एक उठला की आठ उठतात. गेल्या वर्षी एक पालक असे तीन दिवस ओळीने आले, चौथ्या दिवशी मीच म्हटलं, दुसरीकडे बघा.

डॉक्टरसाहेब औषधाचं बरोबर बोलले. पण हेही सांगा ना, की पालकच सकाळी तापाचं औषध पाजून मूल सोडतात आणि अकरा वाजता औषध उतरलं की मूल फणफणतं. मग फोन लागत नाही, मीटिंग असते. पावसात एकाला हँड-फूट-माऊथ (हाता-पायांवर, तोंडात फोड येतात ते) झालं तर आठवड्यात माझ्याकडच्या सगळ्यांना होतं. ताप असला की सरळ घरी ठेवायचं, हा माझा नियम आहे आणि तो पाळणारे पालक मी बोटावर मोजते.

सावनी, नऊ मुलं हा आकडा ऐकून लगेच नाही म्हणू नकोस, लगेच हो पण म्हणू नकोस. नऊतली किती रांगती, किती शाळेतून दुपारी येणारी? मी वर्षाच्या आतली दोनच घेते. तिसरं घेतलं की एकाला भरवताना दुसरं रडतं आणि तिसऱ्याचं लंगोट तसंच राहतं. हात दोनच. मावशी आठवड्यातून किती खाडे करते तेही विचार. ज्या दिवशी मावशी नाही त्या दिवशी काय होतं, हा खरा प्रश्न.

आणि मे महिन्यात, गणपतीत काकू गावी जातात का? आमच्यातल्या निम्म्या कोकणातल्या. शिमगा, गणपती, मे, तीन वेळा कुलूप. हे पालकांना आधी कोणी सांगत नाही, मग ऐनवेळी पळापळ.

फोन उचलला नाही म्हणून घाबरू नये. फोन नाही उचलला म्हणजे हातात मूल आहे. जी बाई प्रत्येक फोन पहिल्या रिंगला उचलते, तिच्या हातात काय असतं ते बघा.

लोकलचा_बाबा | ६ जून, दुपारी २:५५

शेवटची ओळ फ्रेम करून लावतो.

माझा मुद्दा एकच. न्यायला कोण येऊ शकतं, याची लेखी यादी द्या, फोटोसकट. माझा मामेभाऊ एकदा सहज म्हणून मुलाला न्यायला गेला, आम्हाला सरप्राइज. काकूंनी त्याला दारात उभं ठेवून मला फोन केला, मी बोगद्यात, रेंज नाही. वीस मिनिटं तो जिन्यात बसला. घरी येऊन काकूंना नाही नाही ते बोलला. मी त्या संध्याकाळी काकूंना अर्धा किलो काजूकतली नेऊन दिली.

काजू_कतली | ६ जून, दुपारी ३:०१

माझं नाव कुणीतरी घेतलं 😄

भांडुपची_लता | ६ जून, रात्री ९:३०

कागदाचं चाललंय म्हणून एक जुनी गोष्ट. २६ जुलै २००५. मी फोर्टला बँकेत, मुलगी अडीच वर्षांची, भांडुपला पाळणाघरात. दुपारी लोकल बंद. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, ते नंतर पेपरात वाचलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की रस्ता नाही. मोबाइल लागत नव्हते. रात्र बँकेतच काढली, दुसऱ्या दिवशी चालत, ट्रकवर, परत चालत, संध्याकाळी पोचले.

पाळणाघर तळमजल्याला होतं. काकूंनी पाचही मुलांना पाणी शिरायच्या आधी वर तिसऱ्या मजल्यावर एका मारवाडी कुटुंबाकडे नेलं होतं. पोरीच्या अंगावर त्यांच्या नातीचा फ्रॉक. रात्री खिमट खाल्लं, झोपली, म्हणाल्या. त्यांच्याकडे कसलाही कागद नव्हता.

पण मी हे सांगून 'कागद नको, माणूस बघा' म्हणत नाहीये. कारण त्याच काकूंकडे स्वयंपाकघराला दार नव्हतं आणि माझ्या मुलीच्या पायावर वाफेचा डाग अजून आहे. दोन्ही त्याच काकू. जूनमध्ये पाळणाघर बघते आहेस, तर पाणी भरलं, लोकल बंद पडल्या, तर रात्र कोण आणि कुठे काढणार, हे विचार. तळमजला असेल तर नक्की विचार.

अंधेरी_वेस्ट | ७ जून, सकाळी ११:१५

एवढं कशाला, कॅमेरा असलेलंच घ्या ना, फोनवर दिवसभर दिसतं.

कलम_३७ | ७ जून, सकाळी ११:४०

२०१६ साली खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाली तिथे कॅमेरा होताच. बाळाच्या अंगावरच्या खुणा बघून आईवडिलांनी पाठपुरावा केला तेव्हा फुटेज बघितलं गेलं. कॅमेरा पुरावा देतो, हात धरत नाही. शिवाय थेट प्रक्षेपण सगळ्या पालकांना मिळत असेल तर तुमच्या मुलीचं लंगोट बदलताना कोणाकोणाच्या फोनवर दिसतंय, तेही विचारा.

वाईट काही दिसलंच तर: १०९८ (मुलांची हेल्पलाइन) किंवा ११२ (आपत्कालीन नंबर). सांभाळायला घेतलेल्या मुलाला मारहाण किंवा हेळसांड हा बाल न्याय कायदा २०१५, कलम ७५ खाली गुन्हा आहे. लैंगिक प्रकार असेल तर पोक्सोखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, पाळणाघरवालीलाही, 'आपसात मिटवू' चालत नाही.

सावनी_वि | ११ जून, रात्री १०:२०

तुम्हा सगळ्यांचं वाचून दोन्हीकडे परत जाऊन आले. जरा लांब लिहिते.

टॉवरवालं. चारकोपच्या मावशींचं ऐकून एक ते तीन टाळलं, साडेतीनला गेले, न कळवता. दार तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने उघडलं. कडेवर एक बाळ. मॅडम कुठे? बँकेत. मावशी? आज आली नाही. आत सात मुलं. ती मुलगी बिचारी चांगली होती, तिने मला पाणी दिलं, बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत होती, सवयीने. म्हणजे हे पहिल्यांदा नव्हतं. भिंतीवर लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र, त्याखाली एक मूल चटईचा फोम कुरतडत बसलेलं. मी ते त्याच्या तोंडातून काढलं आणि निघाले. लिफ्टमध्ये रडू आलं, कारण माझं जवळपास तिथलंच ठरलं होतं. रात्री मॅडमना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "पंधरा मिनिटांसाठी गेले होते, आणि तुम्ही अपॉइंटमेंट न घेता आलात."

आता काकू. डॉक्टर, बाथरूममध्ये गेले. दोन बादल्या, दोन्ही भरलेल्या, दार उघडं. बोलले तर काकू म्हणाल्या, पाणी सकाळी दीड तासच येतं, भरून न ठेवून कसं चालेल? मग जरा थांबून म्हणाल्या, कडी वर लावून घेते, उंच. दुसऱ्या दिवशी गेले तर सुतार येऊन गेला होता.

नऊतली पाच शाळेतून दीडला येतात. दोन तीन-चार वर्षांची. वर्षाच्या आतली दोन, माझी धरून तीन होतील. त्यातलं एक ऑगस्टात वर्षाचं होतंय. हा मुद्दा मला अजून टोचतोय.

गॅस पाइपचा आहे, कॉक भिंतीपाशी खाली, मुलांच्या हाताला येईल असा. स्वयंपाकघराला लाकडी फळी लावून अडवलंय. लताताई, तुमची गोष्ट डोक्यात होती, फळी हलवून बघितली. हलली. ती पण पक्की करून घेणार म्हणाल्या.

घास अडकला तर? "पाठीवर थोपटते," म्हणाल्या. मी माझ्या उशीवर करून दाखवलं, मावशीपण बघत होती. काकूंनी दोनदा करून बघितलं आणि म्हणाल्या, हे बावीस वर्षांत कोणी सांगितलं नाही गं.

आता अवघड भाग. घरात कोण राहतं ते विचारलं. काकू, काका (निवृत्त, हार्टचे पेशंट) आणि मुलगा, एकतीस वर्षांचा, रात्रपाळी करतो, दिवसा आतल्या खोलीत झोपतो. मी दोनदा जाऊन आले होते आणि आतल्या खोलीत एक माणूस झोपलेला असतो हे मला माहीतच नव्हतं. घशाला कोरड पडली होती, पण म्हटलं, काकू, तुमचं, काकांचं आणि दादांचं पोलिसांचं प्रमाणपत्र काढता का, पैसे मी भरते.

काकू काहीच बोलल्या नाहीत. मुलीचं झबलं घडी घालत होत्या, ते घडी घालून परत उलगडलं, परत घडी घातलं. मग म्हणाल्या, "बावीस वर्षांत असं कोणी विचारलं नाही." बादलीच्या वेळी रागावल्या नव्हत्या. या वेळी दुखावल्या. मी सॉरी म्हणून घरी आले.

चारकोपची_मावशी | १२ जून, दुपारी १:४०

दुखावणारच गं. मलाही एकाने विचारलं होतं, दोन दिवस जेवण गेलं नाही. आता मी स्वतःच काढून ठेवलंय, माझं आणि मिस्टरांचं. विचारायच्या आधीच दाखवते, म्हणजे विचारणारीला लाज वाटायला नको. तू विचारलंस ते बरोबर केलंस. मला आवडलं नाही, पण बरोबर केलंस.

खडूस_मुलुंडकर | १२ जून, सायंकाळी ६:०५

वर मी जे लिहिलं ते लिहिलं. पण त्या तेरा वर्षांच्या मुलीची शाळा नव्हती का त्या दिवशी?

सावनी_वि | १२ जून, सायंकाळी ६:३०

मे महिन्याची सुट्टी अजून चालू आहे, १५ तारखेनंतर शाळा. तिच्याबद्दल मीही विचार करतेय.

गोळ्या_औषधं | १२ जून, रात्री ११:२०

उशीवर दाखवलंस ते उत्तम. राजावाडी रुग्णालयापर्यंत रिक्षाला किती वेळ लागतो ते संध्याकाळी सहाच्या ट्रॅफिकमध्ये एकदा मोजून ठेव आणि १०८ (रुग्णवाहिका) काकूंच्या फोनमध्ये सेव्ह कर. बाळाचं वजन, ॲलर्जी, तुमचे तीन नंबर, एका कागदावर, फ्रीजवर.

सावनी_वि | २३ जून, रात्री ९:४५

अपडेट. पाच दिवस काकूंचा फोन नाही, मीही केला नाही. कांजूरला, भांडुपला आणखी तीन ठिकाणं बघून आले, त्यावर वेगळा धागा होईल. (एके ठिकाणी छताला झोळी, दोरी लोंबकळत बाळाच्या गळ्याशी. सांगितलं तर म्हणे आमच्याकडे असंच.)

परवा काकूंचा मुलगा स्वतः आमच्या घरी आला. ड्यूटीवर जायच्या आधी, बॅग खांद्याला. म्हणाला, तिघांचे अर्ज ऑनलाइन भरलेत, पावत्या या बघा. "माझं कंपनीने आधीच करून घेतलं होतं, सिक्युरिटीत आहे ना. आई उगाच मनाला लावून घेते." आणि म्हणाला, मी जुलैपासून मामाकडे टागोर नगरला झोपायला जाईन, दुपारी घरात मुलांचा आवाज असतो, झोप नाही होत. आवाजाचं कारण खरं की माझं मन राखायला, माहीत नाही. त्याला चहा विचारला, घेतला नाही.

सोसायटीचं एक कळलं. सेक्रेटरींना पाळणाघर माहीत आहे, पण लेखी काही नाही, आणि बिल्डिंग पुनर्विकासात जाणार आहे. म्हणजे वर्षा-दीड वर्षात काकू कुठे असतील ते त्यांनाही माहीत नाही. यावर उपाय नाही, पुढचं पुढे.

नवऱ्याला तिसऱ्या बाळाचा मुद्दा पटला नव्हता, आता पटलाय. त्यामुळे जुलै महिना तो आठवड्यातून तीन दिवस घरून काम करणार आणि ऑगस्टपर्यंत लेक काकूंकडे फक्त अर्धा दिवस. त्याच्या बॉसने हो म्हटलंय, तोंडी.

कलम_३७ | २३ जून, रात्री १०:१०

तोंडी? मेल मागून घे.

सावनी_वि | १ जुलै, रात्री ८:५०

आज पहिला दिवस. ८:१२ ची स्लो, डब्यात दारापाशी उभी राहून गेले, कुर्ल्यापर्यंत काही दिसत नव्हतं डोळ्यांना.

साडेअकराला फोन केला, काकूंनी उचलला नाही. घाटकोपरच्या नणंदेला फोन करून जा म्हणणार होते. मग चारकोपच्या मावशींची ओळ आठवली, फोन खाली ठेवला, परत उचलला, परत ठेवला. नऊ मिनिटांनी काकूंचा आला. "शी केली होती तुझ्या राणीने, गळ्यापर्यंत. धुवत होते. काय गं?"

काही नाही म्हटलं.

भांडुपची_लता | १ जुलै, रात्री ९:०४

❤️

काजू_कतली | २ जुलै, सकाळी ८:१५

ठाणे पश्चिम, घोडबंदरकडे कोणी विश्वासाचं पाळणाघर सांगाल का? वर्षाच्या आतली दोनच घेणारं. हवं आहे डिसेंबरपासून, पण बघायला आत्तापासून जाईन म्हणते. एक ते तीन सोडून.